लिंबाजी अण्णा आणि खड्ड्यातले नळ

लिंबाजी अण्णा सरपंचपदाला तीनदा उभे राहिले आणि तीनदा पडले. तिसऱ्यांदा पडले, त्याच आठवड्यात मी त्या गावात राहायला आले. पाटोदा तालुक्यातलं गाव. आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून माझी पहिलीच नेमणूक. उपकेंद्राचं छत गळत होतं, म्हणून अण्णांच्या घराला लागून असलेली एक खोली भाड्यानं घेतली. टेम्पोतून सामान उतरवत होते, तेव्हा ओसरीवर एक उंच, सडपातळ माणूस कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून एकटाच बसलेला दिसला. समोर गुलालाचं पोतं होतं, न फोडलेलं.

मी नमस्कार केला. ते म्हणाले, "या शिष्टर. जरा बाजूनं या. गुलाल वापस जायलाय दुकानात, त्याला पाय लागू नका देऊ."

आतून त्यांच्या बायकोचा, सोजरकाकूंचा आवाज आला, "माणूस पडला तरी सदऱ्याची इस्त्री काय मोडंना."

त्यावर ते हसले. पडलेला माणूस इतका मोकळा हसतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

निवडून आलेल्या मंडळींना अण्णांची धास्ती होती. हा माणूस पाच वर्षं प्रत्येक ग्रामसभेत उभा राहून बोलणार, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी अण्णांना पाणी समितीचं अध्यक्षपद दिलं. सरकारी योजनेतून पाझर तलावाखाली विहीर झाली होती, टाकी झाली होती, घरोघर नळ गेले होते. पण हे सगळं चालवायचं गावानंच, त्यासाठी गावाची समिती. आधीचे अध्यक्ष सही करण्यापुरते होते. अण्णांनाही तेवढंच करायचं आहे, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून, खिशात कंगवा अडकवून, खांद्यावर पाणी सोडायचा वॉल फिरवायचा लांब लोखंडी पाना घेऊन गावातून निघाले. कुणी विचारलं, "काय अण्णा, झाले का सरपंच?" की म्हणायचे, "आपल्याकडं सत्ता न्हाई बे. चावी हाय."

तेव्हापासून मारुतीच्या देवळातला माईक त्यांनी ताब्यात घेतला. रोज सकाळी, आरती झाली की, कोणत्या गल्लीला पाणी आहे ते सांगायचं. काम एवढंच, पण अण्णांना एवढ्यावर थांबता यायचं नाही.

"ऐका हो. आज देवळाच्या गल्लीला पाणी हाय. सुंदराबाई, म्हशीला पाणी पाजा आन् घेऊन जा, नळाखाली आंघोळ घालू नका, ती काय नवरी हाय का? रामभाऊच्या नळाला तोटी न्हाई. कालपासून वाहायलंय. रामभाऊ, तोटी काय सासऱ्यानं आणून द्यायची हाय का? टाकी आज धुतली, आत एक चप्पल घावली. ज्याची आसंल त्यानं देवळातून घेऊन जावी, कुणी काय म्हणणार न्हाई. म्हणजे मी म्हणणार हाय."

लोक चिडायचे. पण माईक खरखरला की बायका धुणं थांबवून ऐकायच्या. आज कुणाचं नाव निघतं, याची सगळ्या गावाला उत्सुकता असायची. काकू चुलीपुढून म्हणायच्या, "शिष्टर, तुमच्या नशिबानं तुमी भिंतीपल्याड हाव. आमच्या घरात नवरा न्हाई, भोंगा हाय."

काकू बुटक्या, गोल, सदा घाईत असायच्या. त्यांना साखरेचा आजार होता आणि गोड खाताना त्या मला पाठ दाखवून बसायच्या, म्हणजे मला दिसणार नाही. अण्णांना दिसायचं. ते ताटली उचलून गाईपुढं ठेवायचे. मग दोघांचं दिवसभर भांडण.

गावात संडास बरेच होते, पण वापरात मोजकेच. कुणाच्या संडासात सरपण, कुणाच्या शेळ्या. अण्णांच्या स्वतःच्या संडासात कांदे होते. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी कांदे बाहेर काढले आणि एका रविवारी, माणसं डबे घेऊन गायरानाकडे निघतात त्या वेळेला, वाटेवरच्या सगळ्यांना चहाला बोलावलं. दहा-बारा जण ओसरीवर बसले. चहा आला. अण्णा उठले, बादली भरली, सगळ्यांदेखत संडासात गेले आणि दार लावून घेतलं. माणसं हातात कप घेऊन बसलेली. कुणाला उठून जाता येईना, कुणाला बोलता येईना. मी दारातून बघत होते. थोड्या वेळानं अण्णा बाहेर आले, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, खिशातला कंगवा काढून केस विंचरले आणि म्हणाले, "झालं. मेलो का मी?"

चहा तसाच टाकून सगळे उठले. गावात महिनाभर या गोष्टीची नक्कल चालली. पण नक्कल करणाऱ्यांच्या घरातूनही हळूहळू सरपण बाहेर निघालं.

त्यांची मुलगी लता. तिला कडा गावातलं एक स्थळ आलं होतं. मुलगा साखर कारखान्यात कामाला, घर पक्कं, माणसं बरी. मुलाचं घर बघायला अण्णा गेले, बरोबर काकू आणि धाकटा भाऊ ज्ञानोबा. पोहे झाले, पान-सुपारी झाली. अण्णांनी विचारलं, "संडास कुणीकडं हाय?" मुलाकडच्यांना वाटलं पाहुण्याला जायचं आहे. मुलाच्या बापानं धावत जाऊन दार उघडलं, तर आत छतापर्यंत खताच्या गोण्या.

अण्णा म्हणाले, "पोरगी तुमच्या घरी राहील. मग खत कुठं राहील?"

काकूंनी कपाळाला हात लावला. येताना गाडीत ज्ञानोबा म्हणाला, "दादा, चांगलं स्थळ घालवलंस तू." अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. पण दिवाळीच्या आधी मुलाकडून मोबाइलवर एक फोटो आला. रिकामा, चुना मारलेला संडास आणि त्याच्या दारात नवा शर्ट घालून उभा असलेला मुलगा. तो फोटो अण्णांनी देवळात, एस.टी.त, पंचायत समितीत, जो भेटेल त्याला दाखवला. लग्न झालं. लता आजही कड्याला सुखात आहे.

आता त्या खड्ड्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशीच येऊन थांबतं.

आमच्या गल्लीला चढावरची गल्ली म्हणत. ती पाइपलाइनच्या शेवटाला. तिथं पोचेपर्यंत पाण्याचा जोर संपलेला असायचा. म्हणून कुणीतरी कधीतरी दारात खड्डा खणला आणि नळ खाली घेतला. खाली घेतला की धार मोठी होते. मग शेजाऱ्याची धार बारीक होते, म्हणून तो आणखी खोल खणतो. होता होता सगळ्या गावात दारोदार खड्डे झाले. देवळाच्या गल्लीतल्या सुंदराबाईंचा खड्डा तर एवढा खोल होता की त्या पायऱ्या करून आत उतरायच्या. नुसतं डोकं वर दिसायचं. या खड्ड्यांत सांडपाणी साचतं, गटाराचा पाझर येतो. नळाला पाणी सोडलेलं असेपर्यंत ठीक. पाणी बंद झालं की रिकामा पाइप उलटा ओढतो आणि खड्ड्यातली घाण लाइनीत जाते. दुसऱ्या दिवशी ती पिण्याच्या पाण्यात येते.

अण्णांना हे कळलं ते तालुक्याच्या एका प्रशिक्षणात. तिथून आले ते थेट स्वतःच्या अंगणात. फावडं घेऊन त्यांनी आपल्या दारातला खड्डा बुजवला, नळ कमरेइतका वर घेतला. काकूंनी हंडा लावला. हंडा भरायला एवढा वेळ लागला की काकूंची भाकरी करपली.

"नळ वर नेलाव आन् पाणी खाली गेलं," काकू म्हणाल्या.

"समद्यांनी वर घेतला की येईल."

"आन् समद्यांनी न्हाई घेतला तर?"

"मग तुझी भाकरी रोज करपंल."

ते घरोघर फिरले. माईकवर विनवलं, टोमणे मारले, एकदा तर चक्क रागावून गप्प बसले. सगळ्यात मोठं भांडण सुंदराबाईंनी केलं. त्या विधवा, दुधाचा धंदा, चार म्हशी. खड्ड्यात उभ्या राहूनच त्या वर बघत ओरडल्या, "पाणी काय तुमच्या माईकातून येतंय का? माझ्या म्हशीला तुमी पाजणार का?"

अण्णा काठावर बसले. "पाजतो," म्हणाले.

आणि खरंच, सुंदराबाईंचा खड्डा बुजवल्यावर पंधरवडाभर त्या म्हशींना विहिरीवर नेऊन पाणी पाजून आणायचं काम अण्णांनी केलं. इस्त्रीच्या सदऱ्यात. म्हशींनी तो सदरा सदरा ठेवला नाही. तेवढ्या दिवसांत बाकीचे नळ वर आले आणि एका सकाळी चढावरच्या शेवटच्या घरालाही धार आली. बारीक होती, पण सगळ्यांना सारखी. त्या दिवशी माईकवर अण्णा बोलायला उभे राहिले. "आलं," एवढंच म्हणाले. मग बराच वेळ नुसती खरखर.

त्यानंतर दीड-दोन वर्षं गावात जुलाबाचा रुग्ण माझ्याकडे क्वचितच आला. मी ब्लीचिंग तपासायला जायचे. नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले की ते पिवळं होतं. पिवळं झालं म्हणजे पाणी पिण्याजोगं. पिवळं झालं की अण्णा ती नळी उन्हात धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "बग बे, सोनं."

मग एका वर्षी उन्हाळा कडक गेला. पाणी चार-पाच दिवसांआड झालं. ज्ञानोबाच्या घरी सून बाळंत झाली. तिचं नाव मंगल. पहिली मुलगी. ज्ञानोबाचं घर अण्णांच्या घराला लागूनच, मध्ये एक बुटकी भिंत. बाळंतिणीचं धुणं, बाळाची दुपटी, आणि वरच्या नळाला करंगळीएवढी धार.

पुढचं मला मंगलनंच सगळं होऊन गेल्यावर सांगितलं, बाळाला डोस द्यायला गेले तेव्हा. ज्ञानोबानं अंगणातला जुना खड्डा पुन्हा उकरला होता, नळाचा तुकडा खाली घेतला आणि वर शहाबादी फरशी ठेवून तिच्यावर धुणं धुवायचा दगड ठेवला होता. अण्णांना ते दिसलं. भिंतीवरून सगळंच दिसायचं. ते फावडं घेऊन निघाले, तर काकूच आडव्या आल्या.

"घरात बाळंतीण हाय," काकू म्हणाल्या. "तिला काय तुमी माईकवरून आंघोळ घालणार हाव का? राहू द्या दोन महिने. पाऊस पडला की बुजवंल तो."

अण्णांनी फावडं भिंतीला टेकवलं. भाऊ होता. तीनही निवडणुकांत त्यांच्यासाठी दारोदार फिरलेला एकच माणूस तो. "पाऊस पडला की बुजीव," एवढंच त्यांनी त्याला सांगितलं. ज्ञानोबा हो म्हणाला.

पाऊस पडला. पेरण्या झाल्या. खड्डा कुणाच्या लक्षातच राहिला नाही.

श्रावणात विहिरीवरची मोटार जळाली. दोन दिवस पाणी बंद. त्या दोन दिवसांत झड लागली होती, गटारं भरून वाहत होती. मोटार दुरुस्त झाली, पाणी आलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझ्या दारात माणसं यायला लागली. सगळी चढावरच्या गल्लीतली. उलट्या, जुलाब. दुपारपर्यंत उपकेंद्राच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकून मी लोकांना झोपवलं होतं. वर दोरी बांधून सलाइनच्या बाटल्या लटकवल्या. तालुक्याहून डॉक्टरांचं पथक आलं. रामभाऊच्या नातवाचे डोळे खोल गेले होते, तो संध्याकाळी सावरला. मंगलचं बाळ अंगावर पीत होतं, त्याला काही झालं नाही.

काकू आल्याच नव्हत्या. त्या घरात पडून होत्या आणि विचारणाऱ्याला "आधी लेकरांचं बगा" म्हणत होत्या. मी पोचले तेव्हा त्यांना माझं नाव आठवत नव्हतं. साखरेचा आजार, त्यात अंगातलं पाणी गेलेलं. जीपनं पाटोद्याला नेलं. तिथून बीडला न्यायला सांगितलं. मी मागे काकूंजवळ बसले, अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी. मांजरसुंबा यायच्या आधी काकू गेल्या. मी नाडी बघितली, पुन्हा बघितली. मग म्हणाले, "अण्णा."

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. त्यांना कळलं होतं. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि हळू आवाजात विचारलं, "फिरवू का वापस?"

"बीडला चला," अण्णा म्हणाले.

"अण्णा, आता तिथं जाऊन..."

"बीडला निघालोत ना आपण? मग बीडला चला."

आम्ही बीडला गेलो. डॉक्टरांनी पाहिलं आणि मान हलवली. मग तोच रस्ता पुन्हा मागे. येताना अण्णांनी एकदाच विचारलं, "शिष्टर, तुमी सकाळपासून काय खाल्लं का?" मी नाही म्हणाले. त्यांनी एका ढाब्यावर गाडी थांबवायला सांगितली आणि माझ्यासाठी बिस्किटचा पुडा आणला. मी तो हातात धरून गावापर्यंत आले.

मला रडू आलं नाही. गावात पोचल्यावर बायकांनी आकांत केला, लतानं कड्याहून येऊन ऊर बडवून घेतलं, तरी मला काही होईना. घरोघर क्षारसंजीवनीच्या पुड्या वाटत फिरायचं होतं, मी फिरत होते. पुडी द्यायची, उकळून प्या म्हणायचं, पुढच्या दारात जायचं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली. अंगणात पाहुणे बसले होते, ज्ञानोबाही त्यांच्यात होता. अण्णा उठले. कुणाला वाटलं हातपाय धुवायला निघाले. ते भिंत ओलांडून ज्ञानोबाच्या अंगणात गेले. वाकून धुण्याचा दगड ढकलला. मग फरशी उचलली. एकट्याला ती उचलेना, पण मदतीला कुणी गेलं नाही, कारण काय चाललंय ते कुणाला कळत नव्हतं. फरशी उभी राहिली आणि पलीकडे पडली. खाली काळं पाणी होतं. नळ त्यात बुडालेला.

ज्ञानोबा भिंतीपाशी येऊन उभा राहिला. "दादा, आता कावून हे?" तो म्हणाला. "माणसं बसलीत."

"मला ठावूक होतं," अण्णा म्हणाले.

"घरच्या घरी बुजवू ना आपण. समद्यांसमोर कावून?"

अण्णा तसेच, उघड्या डोक्यानं, देवळाकडे गेले. थोड्या वेळानं माईक खरखरला. मी तेव्हा रामभाऊच्या ओट्यावर त्याच्या नातवाचं पोट बघत होते.

"मी लिंबाजी बोलायलोय. ज्ञानोबाच्या अंगणात खड्डा हाय. नळ त्यात हाय. मला उन्हाळ्यापासून ठावूक होतं. तुमचे बुजवले, त्याचा म्या बुजवला न्हाई. तुमची लेकरं आजारी पडली ती त्यानं. आज पाणी न्हाई. लाइन धुवायची हाय. पाणी उकळून प्या."

एवढंच. आवाज नेहमीचा होता, ना चढला ना कापला. माईक बंद झाल्याचा टक्क आवाज आला. रामभाऊ माझ्यासमोर बसला होता. तो शिवी देईल असं मला वाटलं. त्यानं नातवाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

ज्ञानोबानं त्या दिवसापासून बोलणं टाकलं. खड्ड्याचा राग नव्हता त्याला, खड्डा त्यानं स्वतःच बुजवला, त्याच दुपारी. "माझी अब्रू मारुतीसमोर मांडली," एवढंच तो मंगलला म्हणाला.

पुढच्या ग्रामसभेत अण्णा पाना घेऊन आले. तो त्यांनी सतरंजीवर मधोमध ठेवला आणि म्हणाले, "आता दुसरं कुणी बगा." सरपंच चुळबुळ करत राहिले. अण्णांच्या विरोधात बोलायला ही चांगली वेळ होती, आणि काही जण तयारीनं आलेही होते. पण त्या माणसाकडे बघून कुणाचं तोंड उघडत नव्हतं.

शेवटी बायकांच्या बाजूनं सुंदराबाईंचा आवाज आला. त्यांनी उठून उभं राहण्याचेही कष्ट घेतले नाहीत. "उद्या पाणी कोणत्या गल्लीला हाय?"

अण्णांनी पान्याकडे बघितलं. "तुमच्या," म्हणाले.

"मंग येळेवर सोडा. माझ्या म्हशी थांबत नसतेत."

अण्णांनी पाना उचलला.

त्यानंतरही ते रोज सकाळी माईकवर यायचे. "आज देवळाची गल्ली." टक्क. "आज चढावरची." टक्क. ना कुणाचं नाव, ना टोमणा, ना तोटी, ना म्हैस. सुरुवातीला बायका सवयीनं धुणं थांबवायच्या. मग थांबवेनाशा झाल्या.

सदरे ते स्वतःच धुवायचे, इस्त्री करायचे नाहीत. सुंदराबाई न सांगता दुधाचा तांब्या दारात ठेवून जायच्या; कधी तो आत जायचा, कधी दुपारपर्यंत तिथंच असायचा. मी चहा नेऊन दिला तर घ्यायचे, "बरा झालाय" म्हणायचे. काही विचारलं तर तेवढ्यापुरतं उत्तर. लता म्हणाली, "कड्याला चला माझ्यासंगं." ते म्हणाले, "बरं." पण गेले नाहीत. तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा "बरं."

काम मात्र कधी चुकवलं नाही. उलट, जास्तच करायला लागले. पाणी सुटायच्या आधी चढावरची प्रत्येक फरशी, प्रत्येक दगड हलवून बघायचे. लोक काही म्हणायचे नाहीत, दार उघडं ठेवायचे. सकाळी मी पाणी तपासायचे तेव्हा ते येऊन शेजारी उभे राहायचे. पाणी पिवळं व्हायचं. ते बघत राहायचे. मी नळी धुऊन ठेवली तरी त्या जागेकडे बघत राहायचे. पूर्वी सोनं म्हणायचे ते म्हणत नव्हते, आणि मीही म्हटलं नाही. दोघंही तसेच उभे असायचो थोडा वेळ. मग मी माझ्या कामाला जायचे.

मी त्यांना रडताना पाहिलं नाही. रडले असतील तर ते भिंतीपलीकडे मला ऐकू आलं नाही, आणि ती भिंत काही जाड नव्हती.

माझी बदली झाली तेव्हा ते विहिरीवर होते. निरोप घ्यायला गेले, तर मोटारीच्या आवाजात एकमेकांचं नीट ऐकूच आलं नाही. त्यांनी हात जोडले, मी जोडले.

त्यानंतर एकदाच दिसले. मला बीडला मीटिंगला जायचं होतं आणि मांजरसुंब्याला गाडी बदलायची होती. फाट्यावर एका हॉटेलच्या बाकावर मंगल दिसली. मीच ओळखलं तिला. मुलीला कानाच्या डॉक्टरांना दाखवून ती सगळी गावाकडे परत चालली होती. ज्ञानोबा पलीकडच्या टपरीवर आमच्याकडे पाठ करून तंबाखू मळत होता, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला अण्णा बसले होते.

"दोघंबी आलेत," मंगल हळूच म्हणाली. "पोरीला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की दोघंबी निघतेत. पण बोलत न्हाईत अजून."

मी अण्णांपाशी गेले. बारीक झाले होते. "कसे आहात?" म्हटलं. "बरं हाय शिष्टर. तुमी?" मी बरी आहे म्हटलं.

मुलगी आता चालत होती. बाकाला धरून धरून ती अण्णांच्या गुडघ्यापाशी आली आणि टेबलावरच्या तांब्याकडे हात करून "पानी" म्हणाली. अण्णांनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. तिनं हात पुढे केले. पण त्यांनी पेला स्वतःच्या तोंडाला लावला, दोन घोट घेतले आणि खाली करून हातात धरून बसले. तिनं पुन्हा मागितलं. "थांब," ते म्हणाले. आपल्याला काही होतंय का, याची ते वाट बघत होते. पोरगी रडकुंडीला आली, मंगल म्हणाली, "द्या ओ मामंजी, हॉटेलातलं पाणी हाय, काय होत न्हाई." त्यांनी मान हलवली, पण हात हलवला नाही. नजर रस्त्यावरच्या ट्रककडे होती.

तेवढ्यात माझी बीडची गाडी लागली. कंडक्टर घाई करत होता. मी चढले, खिडकीची जागा धरली आणि बाहेर बघितलं. मुलगी दोन्ही हात वर करून अण्णांच्या गुडघ्यांमध्ये उभी होती. गाडी हलली तेव्हा पेला अजून त्यांच्याच हातात होता.